देवाच्या आधी वाजलेली गिटार

ही हकीकत मी आजवर टाळत आलो. बोलण्याचा ओघ तिकडे वळू लागला की मी विषय बदलत असे, आणि ते जमले नाही तर उठून पाणी प्यायला जात असे. गेल्या महिन्यात मात्र पाणी पिऊन परत आलो तरी प्रश्न तिथेच बसलेला होता.

प्रश्न माझ्या नातीचा होता. ती पुण्यात शिकते आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवते. तिला ओव्हरड्राइव्ह नावाचे पेडल घ्यायचे होते. हा एक लहानसा डबा असतो. पायाने बटण दाबले की गिटारचा स्वच्छ आवाज भरड होतो, कडेला फाटल्यासारखा. तिने मोबाईलवर मला हिरवे, पिवळे, काळे डबे दाखवले आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही वाजवायचात ना? यातला स्वस्तातला कुठला घेऊ? की घेऊच नको? माझा मित्र म्हणतो, अँपचा आवाज फुल केला की तसाच आवाज येतो. फुकटात."

"डबा घे," मी म्हणालो. "फुकटातला आवाज नको."

ती हसली. तिला वाटले, म्हातारा गंमत करतोय.

सत्तरच्या दशकात मी भोरला कचेरीत कारकून होतो आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत होतो. ऑर्केस्ट्रा म्हणजे एक पेटी, एक ढोलकी, बोंगो, बाईच्याही आवाजात गाणारा एक गायक आणि मी. गिटार पुण्याच्या कॅम्पातून जुनी घेतलेली होती. तिची एक खुंटी तुटली होती, ती पक्कडीने पिळावी लागे. पण गिटार विजेची होती, आणि तालुक्यात तशी दुसरी नव्हती, याची मला भारी घमेंड.

विजेच्या गिटारला स्वतःचा आवाज नसतो. माझ्या गिटारला आवाज होता तो भाईंचा. भाई भोरचे लाऊडस्पीकरवाले. मुसलमान मोहल्ल्यात त्यांचे घर होते. त्यांच्याकडे आवाज मोठा करणारा, बॅटरीवर चालणारा एक सेट, तबकड्या वाजवायचे यंत्र आणि दोन भोंगे होते. वीज न पोचलेल्या गावांत लग्न असो की जत्रा, भाई बैलगाडीत गवत पसरून त्यावर सेट ठेवत आणि स्वतः गाडीबरोबर चालत जात. सेटाला धक्का बसू नये म्हणून.

त्या गावांची एक रीत होती. जत्रेत सेट जोडला की त्यातून निघणारा पहिला आवाज देवाचा. आधी गुरव माईकवर देवाचे नाव घेणार, आरती होणार, मग गाणी, मग कुस्त्यांचा पुकारा. रीत गावाची, पण ती सांभाळली भाईंनी. "हॅलो, हॅलो" एवढेसुद्धा त्यांनी कधी देवाच्या आधी म्हटले नाही. वेल्ह्याकडच्या त्या खोऱ्यात लोक सांगायचे, "सेट भाईंचाच आणा. बाकीची लोकं आल्या आल्या शिनेमाची गाणी लावत्यात." भाईंचा सेट जुना होता, भोंग्यांना पोचे आले होते. तरी बोलावणे त्यांना येई, ते या एका गोष्टीपायी.

त्या काळी सिनेमातल्या नाचाच्या गाण्यांत गिटारचा फाटका आवाज नवा नवा आला होता. आमच्या कार्यक्रमात पोरे ओरडायची, "ओ गिटारवाले, ते फाटकं वाजवा की!" त्यासाठी एक डबा लागतो, त्याला फझ म्हणतात, एवढे मला कळले होते. एका रविवारी मी आणि भाई तो बघायला पुण्याला गेलो. वाद्यांच्या दुकानात काचेच्या कपाटात एक परदेशी डबा होता. त्याची किंमत ऐकून भाईंनी कपाटाला टेकलेला हात काढून घेतला. मग कुणीतरी एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा पत्ता दिला. तो तसलेच डबे घरी बनवायचा. पत्र्याची पेटी, आत थोडे सामान, वर टेबलावरच्या दिव्याचे असते तसले बटण. मी वाजवून बघितले. पत्र्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखा आवाज आला. माझे तोंड उतरले.

"डबाच नाही लावला आणि सेट शेवटपर्यंत पिळला तर?" मी विचारले.

"फाटेल की आवाज. आणि त्याच्या मागोमाग भोंग्यातला पडदा," तो म्हणाला. "डब्याचं काम काय? आवाज इथंच फाटतो, म्हणजे सेट बेतानं ठेवता येतो."

भाईंना एवढे पुरे होते. "घ्या भाऊसाहेब," ते म्हणाले. "गांधीलमाशी तर गांधीलमाशी. माझं भोंगं तर जगतील."

"पगार झाला की घेतो," मी म्हणालो.

पगार झाला. पण त्याच सुमारास वेल्ह्याकडच्या एका गावातून मला मुलगी सांगून आली होती. मुलीच्या वडिलांचा निरोप होता की आमच्या भैरवनाथाच्या जत्रेला तुमचा ऑर्केस्ट्रा आहेच, तेव्हा घरची माणसे मुलाला बघून घेतील. मी टेरिलीनचा शर्ट शिवला आणि नवे बूट घेतले. डबा राहिला.

जत्रेच्या दिवशी नसरापूरला एसटी बदलायला उतरलो. चहा पिताना भाईंनी विचारले, "डबा आणलाय न्हवं?"

"आणलाय."

"दाखवा की. सोन्याची मोहोर असल्यावानी सांभाळताय जनू."

"पिशवीत तळाशी आहे, भाई. सगळं उपसावं लागेल."

पिशवीत डबा होताही. बुटाच्या पॉलिशचा.

एसटीच्या शेवटच्या थांब्यावर सेट बैलगाडीत चढवला आणि दुपारी गावात पोचलो. भाईंनी एक भोंगा देवळासमोरच्या पिंपळाला बांधला, दुसरा शाळेच्या कौलांवर. तारा ओढल्या, बॅटरी जोडली. मग सगळ्यांना जेवायला बोलावणे आले. मी म्हणालो, "तुम्ही व्हा पुढे, गिटार लावून आलोच." देवळाच्या ओट्यावर मी आणि सेट एवढेच उरलो.

संध्याकाळी जिने मला बघायचे होते, तिच्यासमोर तो आवाज निघाला नाही तर काय, एवढेच माझ्या डोक्यात होते. रीत मला ठाऊक होती. म्हटले, हळूच एक सूर बघू. बटण चालू केले. सूर स्वच्छ आला. सेटाच्या आवाजाचा कान थोडा पिळला, मग आणखी, मग शेवटपर्यंत. आणि तो आवाज आला! अगदी सिनेमातला. समोरच्या डोंगरावरून परत आला तेव्हा माझ्या अंगावर काटा उभा राहिला. मी नाचाचा सबंध तुकडा वाजवला. शेवटी शेवटी आवाज आपोआपच जास्त भरड होत गेला. मला वाटले, आता खरा जमला. ते भोंग्यातले पडदे जात होते, हे मला नंतर कळले.

थांबलो तर विहिरीवरच्या बाया रहाट सोडून देवळाकडे बघत होत्या. गाभाऱ्यात गुरवाच्या खडावा वाजल्या. मी तार उपटली, गिटार काखेत मारली आणि देवळामागून जेवणाच्या पंगतीकडे पळालो. वाटेत भाई भेटले. हाताला भात तसाच.

"डबा लावला व्हता न्हवं?" त्यांनी एवढेच विचारले. ओरडले नाहीत.

"हो," मी म्हणालो. "डबा लावूनच."

त्यांनी माझ्याकडे जरा बघितले आणि ते सेटाकडे गेले. भोंगे शाबूत आहेत की नाही हे वाजवून बघता आले असते. पण देवाचे नाव अजून व्हायचे होते. भाईंनी रीत मोडली नाही. माझ्या शब्दावर विसंबून ते दिवेलागणीची वाट बघत बसले.

दिवे लागले. गाव जमले. मुलीच्या वडिलांनी मला आपल्या शेजारी उभे केले होते. गुरवाने माईक हातात घेतला आणि देवाचे नाव घेतले. भोंग्यातून ते जुने लुगडे टरकावे तसे बाहेर आले. पोरे फिसकन हसली. गुरवाने पुन्हा नाव घेतले. पिंपळावरचा भोंगा खरखरला आणि बंद पडला, शाळेवरचा नुसता फुत्कारत राहिला. आता कुणी हसत नव्हते.

गावातले एक वयस्कर गृहस्थ पुढे आले. "भाई, दुपारी रेकार्ड कुणी लावली?"

गिटार त्यांनी कधी ऐकली नव्हती. त्यांना ती तबकडी वाटली होती. माझी गिटार तबकडीसारखी वाजावी हीच तर माझी इच्छा होती.

"येवढी वर्सं तुमी देवाच्या आधी टकटकबी केली न्हाई. आज हे काय झालं? देवानं दावलं बगा."

भाई पिंपळाखाली उभे राहून तार गुंडाळत होते, तळहात ते कोपर, तळहात ते कोपर. त्यांनी मान वर केली आणि आमच्या ऑर्केस्ट्राकडे बघितले. मग माझ्याकडे. मी मनाशी म्हणालो, हा फेरा पूर्ण झाला की बोलतो. फेरा पूर्ण झाला. माझ्या खांद्यावर मुलीच्या वडिलांचा हात होता.

"सेट माझा हाय," भाई म्हणाले. "तवा चूक माझीच म्हना."

मागून एक तरणा म्हणाला, "त्याला काय आपल्या देवाचं!"

भाईंचा हात थांबला. असे त्यांना त्या खोऱ्यात आजवर कुणी म्हटले नव्हते. ज्यांनी वर्षानुवर्षे त्यांना आपल्या ताटाशेजारी जेवायला बसवले होते, तेही गप्प राहिले. मीही. मग भाई पुन्हा तार गुंडाळू लागले.

कार्यक्रम झाला. गॅसबत्तीच्या उजेडात पेटी, ढोलकी आणि उघड्या गळ्याचे गाणे. मी गिटार घेऊन बसलो होतो आणि प्रत्येक गाणे वाजवत होतो. सेटाविना त्यातले काहीच कुणाला ऐकू आले नाही. मुलीकडच्यांनी मला पसंत केले.

पुढच्या जत्रेला त्या गावाने दुसरा सेट आणला. मग शेजारच्या गावानेही. रीत मोडणारा सेटवाला अशी भाईंची गोष्ट खोऱ्यात फिरली, आणि बोलावणी बंद झाली. काही वर्षांनी भाईंनी सेट विकला आणि शिवऱ्याला रस्त्याच्या कडेला पंक्चर काढायचे दुकान टाकले. तोवर नव्या सेटवाल्यांचा सुळसुळाट झाला होता, भाईंचे काम तसेही गेले असते, असे मी स्वतःला सांगतो. सांगतो, पण पटत नाही.

ते गाव माझी सासुरवाडी झाली. जत्रेला जावयाचा मान, फेटा, नारळ. आणि दर वर्षी कुणीतरी ती गोष्ट काढणारच. "पाव्हणं, तुमी व्हता की त्या साली! भाईनं देवाच्या आधी गानं लावलं आन् भोंगं जळालं." मी मान हलवायचो. माझी बायको उठून आत जायची. त्या दुपारी विहिरीवर ती होती की नाही, हे मी तिला कधी विचारले नाही. तिनेही कधी काही विचारले नाही. आता ती नाही. हे लिहून मी तिच्या भावाच्या मुलांकडे पाठवणार आहे. जत्रेला सगळे जमतील तेव्हा त्यांनी ते मोठ्याने वाचावे.

शिवऱ्याला मी अनेकदा उतरलो. भाई ट्यूब बाजूला ठेवत, हात पुसत, चहा मागवत. कचेरीची चौकशी करत, पोरांची करत. एकदा चहा बशीत ओतता ओतता ते सहज म्हणाले, "भाऊसाहेब, तो डबा अजून हाय का? एकदा दावा की. तुमच्याकडं म्या कधी बगितलाच न्हाई."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरले होते, नुसते आत पाऊल टाकायचे होते.

"मोडला तो," मी म्हणालो.

भाईंनी बशी तोंडाला लावली. "मोडायचाच," ते म्हणाले. "पत्र्याचा व्हता."

भाई गेल्याचे मला उशिरा कळले. त्यांच्या घरी गेलो तेव्हा सुनेने पाणी दिले आणि विचारले, "तुमी कोन म्हनायचं?" "जुनी ओळख होती," एवढे बोलून मी निघालो.

नातीने शेवटी हिरवा डबा घेतला. परवा तो घेऊन ती इथे आली होती. म्हणाली, "आजोबा, दाबा." मी पायाने दाबला. आवाज डब्यातच फाटला, बाकी घरात सगळे जागच्या जागी राहिले. मी उठून पाणी प्यायला गेलो.

शिवऱ्याला जाताना एसटीत मी एक वाक्य घोकत असे. उतरेपर्यंत ते तोंडपाठ असायचे आणि भाईंनी चहा मागवला की घशातच राहायचे. ते एवढेच होते: भाई, पिशवीत डबा नव्हता, देवाच्या आधी वाजवलं ते मी, मला माफ करा.