तानुअक्काने मागवलेली मॅडम

आमच्या संस्थेकडे परदेशातून खऱ्या कामाची अशी एकच बाई आली. तिला मागवलं तानुअक्काने आणि तिच्या कामाचं मातेरं केलं आम्ही. आम्ही म्हणजे संस्थेचे अध्यक्ष प्रेमराजनाना आणि त्यांचा कारकून संघपाल, म्हणजे मी. हे लिहिताना मला नानांची किळस येते आणि स्वतःचीही येते. पण आधी अक्काबद्दल सांगतो, कारण या सगळ्यात सांगण्यासारखं माणूस ती एकटीच आहे.

पिंपळनेरला आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीत तानुअक्का सत्तावीस वर्षं मदतनीस आहे. झाडलोट करायची, पाणी भरायचं, खिचडी शिजवायची आणि घरोघर फिरून पोरं गोळा करायची. शिक्षण चौथी. तोंड फटकळ. कुणी साहेब गाडीतून उतरला की बाकीचे खुर्ची शोधायला धावतात, अक्का जागची न हलता विचारते, "काम काय शे?" त्यामुळे साहेब लोकांत ती फारशी लाडकी नाही.

तिच्या डाव्या कडेवर तीन वर्षं एक मुलगी आहे. मृणाली, शेजारच्या रत्नाची. वय सहा. जन्मापासून अंग सावरत नाही. हसते, सगळं समजतं, आपल्यापेक्षा जास्तच समजतं, पण बसवली की पुढे कलंडते. रत्ना आणि तिचा नवरा दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातेत जातात. अशा पोरीला उसाच्या फडात कशी न्यायची? म्हणून ती अक्काकडे असते. शाळेच्या हेडमास्तरांनी सांगून ठेवलं होतं, "आधाराशिवाय नाही तर नाही, पण खुर्चीत नीट बसू तर दे. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये नाव घालतो. दिवसभर तिला धरून कोण बसणार?" त्या दिवसापासून अक्काला दुसरं काही सुचत नव्हतं. जूनपर्यंत पोरगी बसली पाहिजे.

धुळ्याच्या डॉक्टरांनी व्यायाम सांगितले होते आणि आठवड्यातून दोनदा आणा म्हणाले होते. एसटीने जायला दोन-अडीच तास, यायला तेवढेच. अंगणवाडीची खिचडी कोण शिजवणार? तर अशात माझ्याकडून अक्काला कळलं की, एक परदेशी संस्था शिकलेले स्वयंसेवक सहा महिन्यांसाठी फुकट पाठवते, फक्त राहायची सोय आपण करायची. अक्का दुसऱ्या दिवशी ऑफिसात हजर.

"लिख," ती म्हणाली. "आम्हले दान नको. पोरेस्ले बसाडता येस अशी बाई धाडा. आनि ती जावाना पहिले आम्हले शिकाडी जाई अशी."

मी पाच वर्षं प्रस्ताव लिहितोय. सक्षमीकरण, समावेशन, शाश्वत असले शब्द मी झोपेत लिहू शकतो. पण काय पाहिजे, कशाला पाहिजे आणि नंतर काय उरलं पाहिजे, हे इतकं नीट आमच्या ऑफिसात कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. तिने वस्तीवस्तीत फिरून अशा अकरा पोरांची यादीही केली होती. फॉर्ममध्ये विचारलं होतं, स्वयंसेवक रोज कुणाबरोबर काम करणार? मी अक्काचं नाव टाकलं. राहणार कुठे? अक्काची पुढची खोली. तिने खोलीला चुना दिला, आतून कडी बसवून घेतली, मच्छरदाणी आणली. कधी यावं? मे ते ऑक्टोबर, कारण दिवाळीनंतर आयाबाया ऊसतोडीला जातात आणि बरीच पोरं बरोबर नेतात.

हा कागद मी सहीसाठी नानांपुढे ठेवला. मला तेव्हाच तो परस्पर पाठवायला हवा होता.

"नोव्हेंबर ते एप्रिल कर," नाना म्हणाले. "हवा चांगली असते. कार्यक्रमांचे दिवस असतात."

मी म्हणालो, "नाना, पोरं तेव्हा गावात नसतात."

"पोरं कुठे पळून जातात? पाहुण्याला पावसाच्या चिखलात उतरवणार का तू?"

मी तारीख बदलली. जागेवर, त्यांच्यासमोर, त्यांच्याच पेनाने.

नोव्हेंबरात हॅना मॅडम आल्या. फिनलंडच्या. वय चौपन्न, पंचवीस वर्षं लहान मुलांच्या व्यायामाचं काम केलेलं. उंच, आखूड केस, पाठीवर एक पिशवी. पिंपळनेरच्या स्टँडवर उतरल्या तर ढोल-ताशा, फेटा, औक्षण. नानांनी त्यांना टोपी, टॉवेल आणि नारळ दिला. बाईंनी नारळ हातात धरून मला इंग्रजीत विचारलं, "मुलं कुठे आहेत?" मी म्हणालो, उद्या. असं मी त्यांना पुढे सहा महिने सांगत राहिलो.

अक्काच्या खोलीत त्या एक रात्रही राहिल्या नाहीत. नाना म्हणाले, परदेशी पाहुणी मदतनिसाच्या घरी राहिली तर संस्थेची काय अब्रू राहील? त्यांना नानांच्या साक्री रोडवरच्या बंगल्यात ठेवलं. गावापासून तीन किलोमीटर. आता बाई कुठे जाणार ते नानांच्या गाडीवर ठरायला लागलं, आणि गाडी कुठे जाणार ते नाना ठरवत.

आमची वस्ती सोडून गाडी सगळीकडे गेली. पतपेढीचा वर्धापनदिन. क्रिकेटच्या सामन्यांचं उद्घाटन. जामनेरला नानांच्या व्याह्यांचा साठीचा सोहळा. सावद्याला केळीच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामाची फीत. प्रत्येक ठिकाणी शाल, श्रीफळ, फोटो आणि नानांचं तेच भाषण, "सातासमुद्रापलीकडून ही माउली आपल्या सेवेसाठी आली." सेवा कुठे चालली आहे, हे त्यांना एकाही श्रोत्याने विचारलं नाही. आपल्याकडे पाहुण्याला कामाला लावणं म्हणजे पाप. कामासाठीच आलेल्या माणसाला पाहुणा केलं की झालं, त्याला काही करायची गरज नाही आणि आपल्यालाही नाही. फेब्रुवारीपर्यंत बाईंकडे तेवीस शाली जमल्या होत्या. खानदेशातल्या उन्हाळ्याच्या तोंडावर तेवीस शाली.

बाईंना भाषा कळत नव्हती, पण त्या मूर्ख नव्हत्या. डिसेंबरात त्यांनी गाडीची वाट बघणं सोडलं. पहाटे उठून बंगल्यातून तीन किलोमीटर चालत वस्तीवर यायला लागल्या. सहा ते साडेआठ. यादीतली सात पोरं तोवर आईबापांबरोबर गेली होती, चार उरली होती. अक्काच्या ओट्यावर सतरंजी टाकून बाई मृणालीला पालथी घालायच्या, कमरेला धरायच्या, मग अक्काचे हात आपल्या हातांखाली घेऊन तेच तिच्याकडून करून घ्यायच्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. बाई मान हलवायच्या म्हणजे चुकलं, हसायच्या म्हणजे बरोबर. अक्का घामाघूम होऊन पुन्हा करायची. मी एकदा दुभाष्या म्हणून गेलो तर अक्का म्हणाली, "तू जाय. तुनी काही गरज नही." खरंच नव्हती.

बाईंनी चुडामण सुताराकडून एक खुर्ची करून घेतली. दोन्ही बाजूंना उंच फळ्या, पुढे छोटी पाटी, छातीला आणि कमरेला पट्टा, पाय टेकायला ठोकळा. त्या खुर्चीत मृणाली पहिल्या दिवशी चार मिनिटं बसली. आठवड्याने दहा. अक्का त्या दिवशी ऑफिसात येऊन मला सांगून गेली आणि जाताना दारात उगीच दोन मिनिटं उभी राहिली. तिला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

हे जेमतेम तीन आठवडे चाललं. मग कुणीतरी नानांच्या कानावर घातलं की, तुमची पाहुणी पहाटे मजुरासारखी रस्त्याने चालते. नानांना ते फार लागलं. त्यांनी वॉचमनला सांगितलं, मॅडमच्या सुरक्षेसाठी साडेआठच्या आत फाटक उघडायचं नाही. साडेआठला गाडी तयार असायचीच. पाहुणचाराच्या नावाखाली माणूस कोंडून ठेवता येतो, हे मी तेव्हा पाहिलं. बाई फाटकाशी उभ्या राहून वॉचमनशी भांडल्या, नानांशी भांडल्या. नाना हात जोडून हसले आणि त्यांनी चहा मागवला.

पाठवणाऱ्या संस्थेच्या दिल्ली ऑफिसातून महिन्याला फोन यायचा. आधी मला, मग बाईंना. मला विचारायचे, काम ठरल्याप्रमाणे चालू आहे ना? मी म्हणायचो, हो. बाई खरं सांगायच्या, मग दिल्लीची मुलगी पुन्हा मला फोन करायची आणि मी म्हणायचो, थोडी भाषेची अडचण आहे, होईल सुरळीत. महिन्याचा अहवालही मीच लिहायचो. त्यात शालींचा उल्लेख नसायचा. मला दोन मुलं आहेत, नोकरी नानांची आहे. हे कारण आहे, सबब म्हटलं तरी चालेल.

अक्का मात्र थांबली नाही. शिकलेलं रोज करत राहिली, सकाळी खिचडीच्या आधी आणि संध्याकाळी भाकरीच्या आधी. बाईंनी कागदावर चित्रं काढून दिली होती, ती तिने चुलीपासून लांब भिंतीला चिकटवली होती. एप्रिलमध्ये मृणाली त्या खुर्चीत अर्धा तास बसायला लागली. हातात खडू धरून पाटीवर रेघा ओढायची. अक्काने हेडमास्तरांना निरोप धाडला, येऊन बघा. ते म्हणाले, मॅडमच्या निरोप समारंभाला येतोच आहे, तिथेच बघतो.

तो समारंभ नानांनी मंगल कार्यालयात ठेवला. स्टेजवर लाल सोफे, त्यांच्यापुढे काचेचं टेबल, त्यावर फुलदाणी. नाना, हेडमास्तर, दोन नगरसेवक, मधे हॅना मॅडम. माइक माझ्याकडे. भाषण रंगात आलं आणि नाना म्हणाले, "आता चमत्कार बघा. जी पोर बसत नव्हती ती बसते. आणा तिला वर."

अक्का खाली दुसऱ्या रांगेत होती. मृणाली कडेवर, खुर्ची शेजारी. ती खुर्ची उचलायला वाकली. नाना वरूनच म्हणाले, "ते लाकूड राहू दे अक्का, फोटोत बरं दिसत नाही. इथे सोफ्यावर बसव."

"तठे ती पडी जाई," अक्का म्हणाली. "तिले हाई खुर्चीच लागस."

मला सगळं ऐकू आलं. माइक माझ्या हातात होता. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही. नानांच्या माणसाने अक्काच्या कडेवरून पोरगी घेतली आणि सोफ्यावर ठेवली. हॅना मॅडम झटकन उठल्या, तेवढ्यात नगरसेवकाने त्यांच्यापुढे पुष्पगुच्छ धरला. फोटोवाला म्हणाला, इकडे बघा. मृणाली फोटोवाल्याकडे बघून हसली आणि पुढे कलंडली. तोंड काचेच्या टेबलावर आपटलं. ओठ फुटला.

नाना दचकले, पण अर्ध्याच क्षणासाठी. मग माझ्या हातातून माइक घेऊन म्हणाले, "प्रयत्न केला ना पोरीने. टाळ्या होऊन जाऊ द्या." कार्यालय भरून टाळ्या वाजल्या. हात मोकळे होते, मीही वाजवल्या.

अक्का स्टेजवर चढली ती कुणाकडे न बघता. तिने मृणालीला उचललं, पदराने तिचं तोंड पुसलं. हॅना मॅडम गुडघ्यांवर बसून पोरीचे दात चाचपून बघत होत्या आणि रडत होत्या. हेडमास्तर शेजारच्या सोफ्यावरून जरा वाकून म्हणाले, "अजून कच्चीच आहे, तानुबाई. पुढच्या वर्षी बघू."

"खुर्चीत बसाडी देखा, सर," अक्का म्हणाली. "अर्धा तास बसस ती. आते देखा."

"बघितलं ना मी," हेडमास्तर म्हणाले आणि त्यांनी नारळ पिशवीत घातला.

अक्का निघाली. एका कडेवर मृणाली, दुसऱ्या हातात ती जड खुर्ची. मी मागून धावलो, फाटकापाशी गाठलं आणि खुर्ची घ्यायला हात पुढे केला. तिने खुर्ची दिली नाही.

"तू बी वाजाड्यात ना रे टाळ्या?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो.

"मंग आते मना मांगे येऊ नको."

ती रस्त्याला लागली. मृणाली तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती, ओठ सुजला होता. मागे कार्यालयात पानं मांडली होती, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. कुणीतरी हाक मारली, संघपालभाऊ, चला, पंगत बसतेय. मी गेलो. नानांच्या शेजारी जागा ठेवली होती, तिथे बसलो आणि पोटभर जेवलो.