इंजिन फिरेना तेव्हा

भूतबित, शकुन-अपशकुन यांची मी जन्मभर टिंगल केली. मेकॅनिक माणूस... पान्याला कळतं तेवढंच खरं मानणारा. तरीही हे लिहितोय.

साठ-बासष्ट सालची गोष्ट. शहाद्याजवळ लोणखेड्याला माझी शेड होती, विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचो. माझा थोरला भाऊ, दादा, शाळेत मास्तर. त्यानं एका परदेशी पाद्र्याची जुनी मोटार घेतली. इंजिन हवेवर थंड होणारं, पाण्याचं कामच नाही! सोबत एक खोकं — मोठे सिलिंडर, पिस्टन, दोन कार्बोरेटर. नीट जोडलं की ताकद दीडपट. इंजिन उतरवून ते भाग बसवण्यात महिनाभर मला जेवणाची शुद्ध नव्हती.

वहिनी धुळ्याला माहेरी बाळंत झालेली. सव्वा महिना झाला की तिला आणि बाळाला दादा याच गाडीतून आणणार होता.

आमच्या घरी नव्यानं जोडलेलं इंजिन मुहूर्तावरच पुरं करायचं. शेवटचा सिलिंडर बसवत होतो, तोच माय पूजेचं ताट घेऊन हजर.

"बिगी बिगी कर रे, मुहूर्त टळी जाई!"

घाईत बसवला. कुंकू, अक्षता, नारळ झाला. संध्याकाळी इंजिन गाडीत चढवून पुली हातानं फिरवली, अगदी हलकी फिरली.

सकाळी दादा निघायला उभा. पुन्हा पुली फिरवायला गेलो... हलेना! प्लग काढले, लांब पाना लावून दोघं लोंबकळलो. जाम. इंजिनाला नाही नाही ते बोललो आणि उघडलं.

शेवटच्या पिस्टनची पिन जागेवर धरणारी तारेची रिंग एका बाजूला नव्हतीच. मीच विसरलो होतो. शोधाशोध सुरू झाली, तर माय म्हणाली, "हाई का? हाई तर मन्हा ताटमा शे. कुंकू लावाले लिधी व्हती."

कुंकू लावायला म्हणून तिनंच ती उचलली होती! मला दरदरून घाम फुटला. भर वेगात ती पिन सरकली असती, चाकं जागीच अडली असती... आणि वहिनीच्या मांडीवर बाळ. पण पिन तर अजून जागेवरच होती, सिलिंडरवर साधा ओरखडा नव्हता. मग अडलं कशानं?

रिंग बसवली, इंजिन एका फटक्यात सुरू. दुसऱ्या दिवशी दादा दोघांना घेऊन सुखरूप आला. बाळाला हातात घेतलं आणि मी ढसाढसा रडलो.

पुढे हट्टानं ती रिंग काढून इंजिन चार वेळा तसंच जोडलं, फिरवलं. एकदाही अडलं नाही. पाचव्यांदा पाना उचलला तेव्हा दादानं हात धरला.

"एकदाव सांगं ना त्यानी. आते राहू दे."

एकदा सांगितलं, ते 'त्यानं' म्हणजे कुणी, हे दादालाही सांगता आलं नाही. मला अजून येत नाही.