मऊ लागणारं पेडल

मिस्त्रींच्या हातची लिफ्ट चाळीस वर्षांत कधी पडली नाही, हे ते स्वतःच सांगत आणि दिवसातून निदान दोनदा सांगत. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी कुठल्याही इमारतीत शिरले की आधी लिफ्टच्या दाराला कान लावायचे, "दोर कोरडा पडलाय" असं काहीतरी पुटपुटायचे आणि मग जिन्याने वर जायचे. लिफ्टने का नाही, असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार असे, "ही माझ्या हातची नाही." माणूस कामाला चोख, जिभेला तिखट, आणि स्वतःच्या चुकांच्या बाबतीत जरा विसरभोळा.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली सिस्टर म्हणायची. पस्तीस वर्षं इस्पितळात काढल्यावर दुसरं काही म्हणणं कुणाला सुचतही नसे. चारचौघांत मिस्त्रीही सिस्टरच म्हणत. त्यावर शेजारचा शिंपी म्हणायचा, "बायकोला सिस्टर म्हणून हाक मारतो आणि तरी संसार टिकलाय, म्हणजे पाया भक्कम आहे."

पाया भक्कम होता, पण त्यात एक जुनी चीर होती. ती घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती.

गाडी सिस्टरांच्या वडिलांची. दुधी रंगाची, गोल दिव्यांची, दारं लावली की कपाट लावल्यासारखा आवाज करणारी. सिस्टर तिच्यावरच गाडी शिकल्या आणि लग्नानंतर तिच्यातूनच ड्यूटीला जायच्या. मिस्त्रींनाही चालवता यायची, पण ते गाडी लिफ्टसारखी चालवत: एक तर सुरू, नाहीतर बंद. त्यामुळे चालवायचा मान सिस्टरांचा.

एकतीस वर्षांपूर्वीच्या एका सकाळी सिस्टर घरात येऊन म्हणाल्या होत्या, "अहो, ब्रेकचं पेडल मऊ लागतंय. दोनदा दाबावं लागतं."

मिस्त्रींनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हटलं, "तुझ्या मनाचे खेळ. कालच बघितलंय मी."

बघितलं नव्हतं. त्याच दिवशी इस्पितळाच्या उतारावर ब्रेक गेले. सिस्टरांनी डोकं शांत ठेवून गाडी फाटकाजवळच्या वाळूच्या ढिगात घातली. कुणाला खरचटलंही नाही, फक्त कुंपणाच्या भिंतीचा कोपरा गेला. पण हसं व्हायचं ते झालंच. "सिस्टर आज थेट अपघात विभागातच गाडी घेऊन आल्या," असं कुणीतरी म्हणालं आणि ते वाक्य इस्पितळात वर्षानुवर्षं फिरलं. गाडी ओढून घरी आणली, तेव्हा मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओला डाग होता. मिस्त्रींनी तो पाहिला, बोळ्याने पुसला आणि मूग गिळून गप्प बसले. एकही लिफ्ट न पाडणाऱ्या माणसाने बायकोला ब्रेक नसलेल्या गाडीतून पाठवलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? लोक हसले तेव्हा तेही थोडंसं हसले. सिस्टर मात्र त्यानंतर कधी गाडीत बसल्या नाहीत. का, ते मिस्त्रींनी विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं.

यंदा इस्पितळातून फोन आला. जुन्या परिचारिकांचा मेळावा ठरला होता, तीन महिन्यांनी, एका रविवारी. सिस्टर खूश झाल्या. मिस्त्री म्हणाले, "आपल्या गाडीने जाऊ. तूच चालव."

"मी बसने जाणार."

"मी ठीकठाक करतो ना तिला."

"सोन्याने मढवा. त्या गाडीत मी पाऊल ठेवायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी ताडपत्री काढली. तीन महिन्यांत गाडी उभी करायची आणि बायकोला चाकामागे बसवायची, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. गाडी कुठेही थांबवता आली तर बायकोही एकदा थांबून विचार करेल, असा त्यांचा हिशोब.

इंजिन फारसं कुरकुरलं नाही. खरं दुखणं खाली होतं. पाठीमागचे पाटे, म्हणजे त्या कमानीसारख्या स्प्रिंगा, बसून सपाट झाले होते. शॉकअपमधलं तेल कधीच गळून गेलं होतं. रबरी बुश हातात घेतले की भुगा व्हायचे. मिस्त्रींनी पाटे कमानवाल्याकडे नेऊन पुन्हा वळवून आणले, शॉकअप आणि बुश नवे घातले. गाडी जमिनीवर उतरवली तर मागून उंटासारखी उंच.

"वजनाने बसेल," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी वाळूची दोन पोती मागे ठेवली. तेवढ्याने भागेना, तेव्हा शिंप्याला हाक मारली. शिंपी देहाने दोन पोत्यांना भारी. तो बिचारा काज-बटणांचं काम घेऊन दुपारभर मागच्या सीटवर बसला आणि अठरा सदऱ्यांना बटणं लावून उतरला. गाडी खरोखरच दोन बोटं खाली आली. मिस्त्री चारही कोपरे दाबून पाहत होते. एकदा खाली, एकदा वर, आणि स्थिर. पण त्याच संध्याकाळी त्यांचा बारा-तेराचा पाना सापडेना.

"शिंप्या, पाना तू नेलास."

"मी पान्याने काय बटणं लावू?"

यावरून दोघांत आठ दिवस अबोला झाला.

मग ब्रेक. जुन्या गाडीला चारही चाकांना ड्रमचे ब्रेक होते. मिस्त्रींनी पुढच्या चाकांना डिस्क बसवायच्या ठरवल्या आणि मागच्या ड्रमांतलं सामान नवं भरायचं. मागचं चाक उघडलं आणि आत ते सापडलं: रबराची एक वाटी, करंगळीच्या टोकावर मावेल एवढी, कडेला चिरलेली. हिच्यातूनच तेल गळलं होतं. मिस्त्री कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत उकिडवे बसून राहिले. त्यांना लाज वाटली, अगदी ताजी लाज वाटली. त्यांनी ती वाटी सदऱ्याच्या खिशात ठेवली.

डिस्कचे दोन कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडणारे जड तुकडे, दोन खोक्यांतून आले होते. एकावर डावा लिहिलं होतं, दुसऱ्यावर उजवा. मिस्त्रींनी गाडीच्या पुढे उभं राहून डावा डाव्या हाताला ठेवला, उजवा उजव्या हाताला, आणि बसवून टाकले. नवी नळी, नवं तेल. आता नळीतली हवा काढायची राहिली, आणि त्याला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी छोटी तोटी उघडून हवा जाऊ द्यायची, तोटी बंद झाल्यावरच पेडल सोडायचं. शिंप्याशी अबोला. मिस्त्री स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"गाडी स्टँडवर आहे. चाकंसुद्धा लावलेली नाहीत. फक्त पाय लागेल तुझा."

सिस्टरांनी हात पुसले. "चाकं नाहीत म्हणून बसते. हे बसणं नव्हे, ही ड्यूटी आहे."

शेडमधून तीन दिवस आवाज येत होते.

"दाब!"

"दाबलं."

"धर!"

"धरलंय. लवकर करा, मला दुसरीही कामं आहेत."

"सोड!"

"सोडलं."

बाटलीमागून बाटली तेल संपलं. मागच्या नळ्यांतली हवा तासाभरात गेली, पुढची काही जाईना. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींच्या नाकी नऊ आले होते. गाडीखाली पडल्यापडल्याच ते म्हणाले, "आता नक्की झालं. हवा उरलीच नाही."

वरून सिस्टरांचा आवाज आला, "मऊ लागतंय."

तेच दोन शब्द. मिस्त्रींच्या ओठांवर 'तुझ्या मनाचे' एवढं आलंही होतं. त्यांनी ते गिळलं. खिशातल्या रबराला नकळत हात गेला. मग ते उठून बसले आणि म्हणाले, "तसं असेल तर तसंच असणार. तू म्हणतेस ना. जरा खाली ये, तूच बघ."

 इतक्या वर्षांत हे वाक्य सिस्टरांनी पहिल्यांदा ऐकलं होतं. त्या उतरल्या, चष्मा लावला, बॅटरी घेतली आणि पुढच्या कॅलिपरपाशी वाकल्या.

"हवा सोडायची तोटी कुठली?"

"ही, खालची."

"खालची?" सिस्टर सरळ झाल्या. "अहो, पस्तीस वर्षं मी सुई वर धरून टिचकी मारली, ती काय गंमत म्हणून? हवा वर जाऊन बसते. तोटी खाली ठेवून तुम्ही तीन दिवस नुसतं तेल ओतताय."

मिस्त्री वाकले. तोटी खाली होती, दोन्हीकडे. कॅलिपर उलटसुलट लागले होते, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. ते मटकन स्टुलावर बसले.

"लिफ्टचं डावं-उजवं दारासमोर उभं राहून मोजतात," ते म्हणाले.

"गाडीत माणूस आत बसतो," सिस्टर म्हणाल्या. "पुढे तोंड करून. त्याची बाजू धरायची."

मिस्त्री कपाळावर हात मारून असे हसले, की शेजारचं शिवणयंत्र थांबलं. दिव्याखाली अंधार तो हाच. कॅलिपर बदलायला पुढचा दिवस गेला; हवा निघायला मात्र अर्धा तासही लागला नाही. बाटलीत बुडबुडे आले, मग थांबले. "दाब," मिस्त्री म्हणाले. सिस्टरांनी दाबलं, पेडल वरच अडलं.

"कसं लागतंय?"

"टणक," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी आणखी एकदा दाबून पाहिलं, गरज नसताना.

चाकं लागल्यावर सिस्टरांनी गल्लीत खडूने रेघ ओढली. मिस्त्री गाडी घेऊन आले आणि रेघेवर थांबले. पुन्हा आले, पुन्हा थांबले. तिसऱ्या वेळी सिस्टरांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "सरका पलीकडे. पायाने बघितल्याशिवाय मला खरं वाटत नाही." मिस्त्री एवढ्या घाईने सरकले, की गिअरच्या दांड्यावर गुडघा आपटला. पण ते एक अक्षर बोलले नाहीत. न जाणो, ओरडलो तर उतरायची.

रविवारी दोघं निघाले. मिस्त्रींनी पांढरी पँट घातली होती, तीही इस्त्रीची. सिस्टर चालवत होत्या, सुरुवातीला जपून, मग हळूहळू जुन्या सवयीने. खड्डे आले आणि गेले. गाडी एकदा खाली, एकदा वर, आणि स्थिर. इस्पितळाचा उतार सुरू होतो तिथे सिस्टरांनी गाडी कडेला घेतली. त्यांचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते.

"अहो, मागे काहीतरी खुळखुळतंय."

मिस्त्रींना काहीच ऐकू येत नव्हतं. शपथेवर सांगितलं असतं, काही नाही म्हणून. खाली उतार, अंगावर पांढरी पँट, मेळाव्याला उशीर झालेला.

"थांब, बघतो," ते म्हणाले.

ते रस्त्यावर पाठीवर झोपले आणि गाडीखाली सरकले. उजव्या पाट्यावर, आसाच्या बाजूच्या बेचक्यात, बारा-तेराचा पाना आरामात बसला होता. मिस्त्री त्याच्याकडे पाहत तसेच पडून राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"काय आहे?" सिस्टरांनी विचारलं.

मिस्त्रींनी गाडीखालून नुसता हात बाहेर काढून पाना दाखवला. सिस्टर हसल्या. मिस्त्री निघून गाडीत बसल्यावर, ब्रेकवर पाय ठेवून, शांतपणे, त्यांनी गाडी उतारावरून खाली नेली आणि बरोबर फाटकासमोर उभी केली.

फाटकाशी पाच-सहा जुन्या मैत्रिणी उभ्याच होत्या. "भिंत सांभाळा गं!" एक ओरडली आणि सगळ्या हसल्या. सिस्टरही सवयीने हसल्या. मिस्त्री गाडीतून उतरले. पाठीपासून टाचेपर्यंत धुळीने आणि ग्रीसने माखलेला तो माणूस पाहून हसणं अर्ध्यावर थांबलं.

"मिस्त्री, हे काय?"

"ही वर उतारापाशी म्हणाली, खुळखुळतंय. म्हणून गाडीखाली गेलो." मिस्त्रींनी खिशातून ती रबराची वाटी काढून तळहातावर धरली.  "त्या दिवशीही ही सकाळी म्हणाली होती, पेडल मऊ लागतंय. तेव्हा मी जागचा हललो नाही, आणि बघितलंय म्हणून खोटं सांगितलं. भिंत हिने नाही पाडली, मी पाडली. एकतीस वर्षं तुम्ही हिला हसलात आणि मी गप्प बसलो. चूक माझी होती. तिची नव्हती."

 एका मैत्रिणीने ती वाटी उचलून पाहिली आणि पुढच्या हातात दिली. मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. सिस्टरांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "डाग तुम्ही पुसलात तेव्हा मी खिडकीत होते."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमच्या तोंडून ऐकायचं होतं." सिस्टरांनी पदराने डोळे टिपले आणि त्याच पदराने मिस्त्रींच्या पाठीवरची धूळ झटकली, जरा जोरातच. "चला आत. आणि जातानाही मीच चालवणार. घरी पोचल्यावर आधी शिंप्याची माफी मागायची, त्याला एकतीस वर्षं थांबवू नका."