डावीकडे बघायचं नाही

पहिल्यांदा झालं ते खडकी बाजारातून बाहेर पडताना. स्कूटर डावीकडे घ्यायची म्हणून मी मान वळवली आणि डाव्या कानाच्या आतून थेट घशापर्यंत कुणीतरी दाभण ओढल्यासारखी कळ गेली. पाठोपाठ डोळ्यांपुढे अंधारी आली. स्कूटर कशीबशी कडेला लावली, मान सरळ केली, तर सगळं पुन्हा जागच्या जागी. मागचा रिक्षावाला जाता जाता म्हणाला, "मावशी, रस्ता विकत घेतलाय का?"

घरी नवऱ्याला सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता निदान केलं, "मोबाइल कमी बघ."

मोबाइल कमी केला. उशी बदलली. उशी काढूनच टाकली. कळ येतच राहिली, आणि तीही फक्त डावीकडे वळले की. शिवाय गिळताना घशात काहीतरी टोचायचं. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, मणके झिजलेत. त्यांनी गळ्याला पट्टा दिला. पंधरा दिवसांनी विचारलं, "आता कसं वाटतंय?"

"दुखत नाही."

"बघा! गुण आला."

"डॉक्टर, मान हलतच नाहीये. दुखणार कशी?"

त्यांना हे फारसं आवडलं नाही. त्यांनी मोठ्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून दिली.

मोठे डॉक्टर घशाचे होते. त्यांनी नाकातून नळी घालून घसा पाहिला आणि विचारलं, "मासे खाता?" खाते म्हटल्यावर ते खूश झाले. पण काटा काही सापडला नाही, तेव्हा जणू तो मीच कुठेतरी लपवल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुढचे डॉक्टर मेंदूचे. त्यांनी मला एमआरआयच्या घरघरणाऱ्या बोगद्यात अर्धा तास सरळ निजवून फोटो काढले. सरळ निजल्यावर मला कधीच काही होत नव्हतं, फोटोतही काही झालेलं दिसलं नाही. "सगळं नॉर्मल आहे," ते म्हणाले आणि आवाज एकदम मऊ करून विचारलं, "घरी काही ताण वगैरे?"

तो प्रश्न मला नाही, नवऱ्याला लागला. बाहेर जिन्यातच ते म्हणाले, "घरी कसला ताण? मी तर काही बोलतसुद्धा नाही."

"हो ना," मी म्हटलं.

त्यानंतर मात्र ते माझ्याशी जरा जपून वागायला लागले. चहा स्वतः करायचे. फोनवर बहिणीला हळू आवाजात सांगताना मी ऐकलं, "मनाचं आहे म्हणे. रिटायरमेंट जवळ आली की होतं बायकांना." त्या दिवशी मला खरोखर रडू आलं. दुखतंय ते सोसता येतं. पण दुखत नाहीये, असं चार शिकलेल्या माणसांनी ठरवल्यावर आपणच आपल्या मनाला चाचपायला लागतो. मी आरशासमोर उभी राहून मुद्दाम मान वळवायचे, कळ आली की बरं वाटायचं. म्हणजे वेड लागलेलं नाही.

सगळीकडे मी सरळच बघायला लागले. विहारात रविवारच्या वंदनेला माझ्या डाव्या हाताला नेहमी बसणाऱ्या बाईंनी बोलणं सोडलं. प्रमोशन झाल्यापासून हिची मान वळत नाही, असं त्या इतरांना सांगत होत्या. प्रमोशन खरं होतं. दारूगोळ्याच्या कारखान्यात ज्या विभागात मी सुटे भाग मापून पास-नापास करते, त्या विभागाची मी नुकतीच प्रमुख झाले होते.

असं वर्ष गेलं. मग अक्कलदाढ दुखायला लागली. कसबा पेठेत आमच्या ओळखीची एक दातांची डॉक्टर आहे, माझ्या मुलीच्या वयाची. दवाखाना एवढासा की पेशंट खुर्चीत आडवा झाला की कपाट उघडत नाही. तिने जबड्याचा मोठा एक्स-रे काढून आणायला सांगितला. तो पडद्यावर लावला आणि दाढेकडे न बघता भलतीकडेच बघत बसली.

"काकू, तुम्हाला डावीकडे वळताना कानात कळ येते का?"

मी तिला मानेबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. दातवालीला मानेचं काय सांगायचं!

"येते," मी म्हटलं.

"गिळताना टोचतं?"

"टोचतं."

तिने कानामागून खाली उतरणारं सुईसारखं एक हाड दाखवलं. ते प्रत्येकाला असतं. माझं डाव्या बाजूचं वाढून लांब झालं होतं. मान वळली की ते घशात टोचायचं, बाजूच्या रक्तवाहिनीवर दाब यायचा आणि अंधारी यायची.

"किती असायला हवं?" मी सवयीने विचारलं.

"साधारण तीन सेंटिमीटरच्या आत. हे पाचच्या वर आहे."

कारखान्यात असता तर हा भाग मी पहिल्याच नजरेत बाजूला काढला असता.

तिने हातमोजा घालून टॉन्सिलजवळ बोटाने हलकेच दाबलं. तीच कळ आली. मी ओरडले आणि लगेच हसायला लागले. ती घाबरली. बाहेर बसलेले आमचे हे आत आले, तर मी डोळे पुसत हसत होते. तिने त्यांनाही पडद्यावर हाड दाखवलं. ते पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, "म्हणजे खरंच होतं."

"नाही, मी ते हौसेने वाढवलं," मी म्हटलं. पण त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, तो मी राहू दिला.

तिने एका सर्जनकडे पाठवलं; त्यांनी ऑपरेशन करून वाढलेलं हाड तोंडातूनच काढलं. आठवडाभर पेज आणि आइस्क्रीमवर काढला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना कळवलं, तर म्हणाले, "मी म्हटलंच होतं, हाडाचंच आहे." वाद घालावासा वाटला, पण अजून नीट बोलता येत नव्हतं. त्यांचं नशीब.

शेवटच्या तपासणीला मान डावीकडे सहज वळली, तेव्हा सर्जनने सांगितलं की उजवीकडचं हाडही थोडं लांब आहे. काही त्रास होतो का? नाही म्हटलं. "मग राहू दे," ते म्हणाले. मी राहू दिलं आहे.