सुखीबाईनं कापड उचललं नाही

तांड्यात कोणाच्या घरी काय शिजलं, हे घरच्यांच्या आधी सुखीबाईला कळायचं. बोलता बोलता ती झाकण उचलायचीच. पोरी चिडवायच्या, "काकी, देवानं तुले पापण्या कायले देल्या वं?"

"तुमची उठाठेव पाहून मिटाले!" काकी म्हणायची. मिटल्या मात्र कधी नाहीत.

त्या दिवशी तिचा दीर बाबुलाल कुंपणासाठी बाभळीचे फाटे तोडत होता. कुऱ्हाड निसटली ती थेट पोटरीत. रक्त असं धो धो वाहू लागलं, की त्याची बायको संगीता शेताच्या धुऱ्यावर मटकन बसली. सुखीबाईनं ओढणी जखमेवर दाबली आणि सवयीनं लगेच उचलून पाहिली. रक्त पुन्हा उसळलं.

संगीतानं कसाबसा तांड्याच्या आशा सेविकेला, शीलाला, फोन लावला.

"गाडी बोलावते मी," शीला फोनवरून ओरडली. "काकी, त्याले निजव. दोन्ही हातांनी जोरात दाब. कापड उचलायचं नाई. भिजलं तं त्याच्यावरच दुसरं ठेव."

"पण थांबलं का नाई, हे पाहा लागन ना?"

"नाई पाहायचं!"

तोवर अर्धा तांडा धुऱ्यावर जमला. कोणाला लागलं अन् आपण जखम पाहिली नाही, तर आपल्याकडे माणुसकी धरत नाहीत.

"उचल वं, पाहू दे किती खोल गेली," रामीबाई मूठभर हळद घेऊन वाकली. "हे भर."

"तुह्या भाजीत टाक. फिकी असते."

"तुले काय माहीत?"

"मले माहीत आहे."

ओढणी भिजली. सुखीबाईनं वरून संगीताचा टॉवेल ठेवला अन् सगळं अंग त्यावर टाकलं. तळहाताखाली आता गरम लागत नव्हतं. रक्त थांबलं, की उरलंच नाही? बाबुलालचे ओठ पांढरे पडले होते.

"भाभी, पाहून सांग ना. वाचन का मी?"

"मले नाई पाहायचं."

"तू अन् पाहत नाई?" बाबुलाल रडायलाच लागला. "मंग मी गेलोच!"

"चूप रे बाबल्या! गेला असता तं कवाच पाहून घेतलं असतं!"

लोक हसले. बाबुलालही रडता रडता हसला. सुखीबाई मात्र हसली नाही; तिनं टॉवेल आणखी जोरात दाबला.

गाडी आली. गाडीतल्या डॉक्टरांनी हात पुढं केले, तरी ती सोडेना. "पहिले तुम्ही दाबा, मंग मी हात काढते." त्यांनी तिच्या हातांवर हात ठेवून दाबलं, तेव्हा कुठं तिनं आपले अलगद ओढून घेतले.

दारव्ह्याच्या दवाखान्यात टाके पडले, रक्त चढलं. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, आता जिवाला धोका नाही. संगीतानं चहा आणला, पण सुखीबाईची बोटं कपाभोवती वळेनात. शेवटी संगीतानंच बशीत ओतला, फुंकर घातली अन् जावेच्या तोंडाला लावला.

"गरम आहे वं," म्हणत सुखीबाई रडू लागली.