मोहाचं तेल आणि चार ड्रावर

आमच्या घरातल्या आरशाच्या टेबलाला चार ड्रावर आहेत आणि ते चारही एकाच दिवशी बंद पाडण्याचा मान माझ्याकडे जातो. मी चामोर्शीच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. (हे वाक्य लक्षात असू द्या, म्हणजे पुढे माझी कीव करायला सोपं जाईल.)

हे टेबल माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे शोभाच्या वडिलांनी, लेकीच्या लग्नात स्वतःच्या हाताने करून दिलं. वैनगंगेपल्याड मूल गावाकडच्या एका खेड्यात ते सुतारकाम करायचे. अस्सल सागवान, मागच्या फळीचे स्क्रू सोडले तर अंगात कुठे लोखंड नाही. दरवर्षी पोळ्याला ते आमच्याकडे येतात, पाय धुतात, आणि पाण्याचा गडवा तोंडाला लावण्याआधी आतल्या खोलीत जाऊन चारही ड्रावर एका बोटाने उघडतात आणि एका बोटाने मिटवतात. लेक सुखात आहे की नाही, हे त्यांना तेवढ्यावरून कळतं. जावयाकडे ते त्यानंतर बघतात, तेही ओझरतं.

मागच्या वर्षी त्यांना लकव्याचा झटका आला. बाकी सगळं सावरलं, पण उजवा हात थरथरायचा तो थरथरतच राहिला. माझ्या मेहुण्याने त्यांची हत्यारं पोत्यात भरून माळ्यावर टाकली आणि सांगितलं, "बाबा, आता आराम करा." आणि त्या आरामानेच माणूस खंगत चालला. फोनवरही हूं आणि बरं, यापलीकडे शब्द नाही.

त्यात या वर्षी दहा दिवस पावसाची झड लागली. भिंतींना ओल आली, मीठ पाघळलं आणि ड्रावर फुगून बसले. उघडायचे, पण दोन्ही हात लावून, एक पाय टेबलाला टेकवून.

"अहो, बाबा बुधवारी येऊन राह्यले," शोभा म्हणाली. "त्यायच्या बोटानं हे सरकलं नाई, तर त्यायले वाटन का आपलं कामच कच्चं होतं. एवढंच तं उरलं हाय त्यायच्यापाशी."

तिचे डोळे भरून आले होते. मी ताठ बसलो.

"मी पाहतो."

"तुमी नका पाहू. सुताराले बलवा."

पण पोळ्याच्या तोंडावर आमच्याकडचा सुतार सापडणं म्हणजे देव सापडण्यासारखं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोराबाळांचा; त्यासाठी जो तो लाकडी नंदीबैल घडवण्यात बुडालेला. तिघांनी मला 'पोळ्यानंतर या' म्हणून वाटेला लावलं. शेवटी रविवारी, शोभा बाजारात गेलेली पाहून, मी कामाला हात घातला.

आमच्याकडे मोहाच्या बियांचं तेल काढतात, त्याला टोळीचं तेल म्हणतात. गुडघा दुखला, टोळीचं तेल. टाच फुटली, टोळीचं तेल. बैलाचा खांदा सोलला, बंडीचं चाक कुरकुरलं, तेच. ज्या तेलाने माझ्या आईचे गुडघे सरकायला लागले, त्याने ड्रावर का सरकू नयेत? मी चारही ड्रावर बाहेर ओढले, आतले माझे कपडे खाटेवर काढले, अर्धी बाटली तेल कोमट केलं आणि बाजूच्या पट्ट्यांना, तळाला, आतल्या खाचांना आंघोळ घातल्यासारखं चोपडलं. एक ड्रावर घालून पाहिला. काय सरकला म्हणून सांगू! मला माझाच अभिमान वाटला.

तेवढ्यात शेजारचे देवरावभाऊ डोकावले. वजन शंभराच्या पुढे आणि कॅरममध्ये गल्लीत पहिला नंबर.

"काय करून राह्यले मास्तर?"

मी सांगितलं. त्यांनी ड्रावरवरून बोट फिरवलं.

"तेल ठीक हाय. पण यावर पावडर पायजे. कॅरमबोर्डाले आपण काय टाकतो? सोंगटी कशी पयते!"

विज्ञानाच्या मास्तराला हे पटलं. तेलानेही सरकतं, पावडरनेही सरकतं. दोन्ही मिळून दुप्पट सरकेल, असं सरळ गणित मी मांडलं. देवरावभाऊंनी घरून डबा आणला आणि आम्ही दोघांनी मिळून तो रिकामा केला. मग माझे सगळे कपडे परत आत घातले, चारही ड्रावर गच्च दाबून बसवले आणि लोणच्याला ठेवतात तसे मुरायला ठेवून दिले.

सोमवारी सकाळी आंघोळ करून, टॉवेल गुंडाळून मी टेबलासमोर आलो. वरचा ड्रावर ओढला. हलला नाही. दुसरा ओढला. तिसरा ओढला. चौथा ओढताना मूठ हातात आली आणि मी पाठीवर पडलो.

कारण असं की टोळीचं तेल गारव्याने तुपासारखं गोठतं. हे चामोर्शीत लहान लेकराला ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पदार्थाच्या अवस्था शिकवताना मी दरवर्षी याच तेलाचं उदाहरण देतो. गोठलेलं तेल, त्यात पावडर, वर झडीची ओल: लाकडाच्या भेगा बुजवायला सुतार लोक लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, लगदा भरतात ना, तसलाच लगदा मी चार ड्रावरांच्या चारही बाजूंनी भरून ठेवला होता.

"काऊन पडले?" शोभा स्वयंपाकघरातून आली. तिने माझ्या हातातली मूठ पाहिली, मग टेबल पाहिलं, मग वास घेतला. आणि तशीच परत भाकरी थापायला गेली. बायको बोलली तर नवऱ्याला उत्तर तरी देता येतं.

माझी प्रत्येक पँट त्या टेबलात. तीन दिवस मी देवरावभाऊंच्या पँटीत शाळेत गेलो, कमरेला सुतळी बांधून. फळ्यावर लिहिताना एक हात खडूला आणि एक हात अब्रूला. संध्याकाळी आम्ही दोघं सुरी, पट्टी, दोरखंड घेऊन ड्रावरांशी झटायचो. देवरावभाऊंनी तर दोरी कमरेला बांधून बैलासारखा जोर लावला; अख्खं टेबल दीड हात पुढे आलं, ड्रावर मात्र होते तिथेच. सासऱ्यांचं काम किती पक्कं आहे, याचा एवढा पुरावा मला नको होता.

बुधवारी बसस्टँडवर मी त्यांना घ्यायला गेलो. एका हातात त्यांची पिशवी, दुसऱ्या हातात माझी पँट. त्यांनी मला खालून वर पाहिलं.

"लई वाळले जवाईबापू," ते म्हणाले. वर्षभरातलं त्यांचं हे सर्वात मोठं वाक्य होतं.

घरी आले, पाय धुतले. शोभाने पाण्याचा गडवा पुढे केला. "बाबा, पह्यले पाणी प्या. बसा अंमळ." ते आतल्या खोलीकडे चालू लागले होते. आम्ही दोघं मागे.

त्यांनी थरथरतं बोट वरच्या ड्रावरच्या मुठीत घातलं आणि ओढलं. मग दोन बोटं. मग पूर्ण हात. हात सुटला. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरला.

"माह्याच हात चुकला असन," ते हळूच म्हणाले. "लाकूड ओलं असन तवा. मले समजलं नाई."

शोभाने पदर तोंडाला लावला. माझ्याच्याने ते ऐकवलं नाही. पावसावर ढकलावं असं आमचं आधी ठरलं होतं, पण मी घडाघडा सगळं ओकलो. कोमट तेल, अर्धी बाटली, कॅरमची पावडर, अख्खा डबा, मुरायला ठेवलेले ड्रावर, देवरावभाऊंचा जोर, देवरावभाऊंची पँट. पुराव्यादाखल सुतळीही दाखवली.

सासऱ्यांनी ऐकून घेतलं. फटीत नख घालून थोडा लगदा काढला, हुंगला.

"टोळीचं तेल," ते म्हणाले. "अन् त्यावर पावडर?"

"हो."

"अन् तुमी इज्ञान शिकवता?"

"हो."

आणि ते हसले. आधी खांदे हलले, मग पोट, मग खाटेवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शोभा त्यांच्याकडे बघून एकाच वेळी रडत होती आणि हसत होती. मी एवढा मूर्ख आहे याचा मला आयुष्यात प्रथमच आनंद झाला.

"टेबल फिरवा," ते म्हणाले. आवाज बदलला होता. "मागची फळी खोला. पुढून वढून का होते? मागून ढकला."

फळी काढली, मागून ठोसे दिले आणि चारही ड्रावर एकेक करून बाहेर आले. (पँटी टोळीच्या तेलाने माखल्या होत्या. त्या घातल्या की आजही कुत्री मागे लागतात.) झड उघडली होती. ड्रावर ओसरीत उन्हाला लावले. मी शेजारच्या आळीतून रंधा मागून आणला, तर त्यांनी त्याला हात लावला नाही. "दुसऱ्याचा हतेर मले चालत नाई." मग तेलकट पँट घालून मोटरसायकलवर वैनगंगा ओलांडली आणि मेहुण्याच्या माळ्यावरून ते पोतं घेऊन आलो.

त्यांनी राखेने तेल शोषवलं, काचेच्या तुकड्याने लगदा खरवडला, फुगून वर आलेले भाग घासले. हात थरथरतच होता. ते उजव्यावर डावा हात ठेवून रंधा लोटायचे, चार वेळा लोटून थांबायचे, पुन्हा लोटायचे. मी मदतीला गेलो की हातावर चापट बसायची. शेवटी शोभाकडून मेणबत्ती मागितली, पट्ट्यांवर कोरडीच घासली आणि तिला म्हणाले, "वढ बाई." शोभाने एक बोट लावलं. ड्रावर आला.

दोन दिवसांसाठी आलेले सासरे अकरा दिवस राहिले. देवरावभाऊंचा डुगडुगणारा स्टूल झाला, कुणाचा पाट झाला, कुणाच्या दाराची कडी. ओसरीत भुसा आणि त्यात बसलेले ते, सकाळपासून बडबड करत. शोभा दुपारी भाकरी घेऊन जायची आणि उगाच तिथेच बसून राहायची.

जायच्या दिवशी बसस्टँडवर त्यांनी पोतं माझ्याकडे दिलं. "हे इथीच राहू द्या."

"मेण लावलं हाय. आता दोन-तीन वर्स त्या ड्रावरायले काई होत नाई," ते म्हणाले. हे सांगताना त्यांना फारसा आनंद झालेला दिसला नाही.

बस आली. पायरीवर एक पाय ठेवून ते मागे वळले आणि शोभाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "जवाईबापू, पुढच्या पोळ्याच्या आंधी येखांद्या वक्ती त्या ड्रावरायले थोडं टोळीचं तेल लावजा."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत सासऱ्यांनी विश्वासाने माझ्यावर टाकलेलं हे पहिलंच काम, आणि ते माझ्या हातून चांगलं होणार नाही, याची त्यांना पुरेपूर खात्री आहे.