पाण्याचा जीव

जरीपटक्याच्या बाजारात पंचफुलाबाईची पालेभाजी आधी पाटील खायचा, मग गिऱ्हाईक.

पाटील म्हणजे तिचं कासव. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या, हत्तीसारखे जाड पाय, आणि चाल अशी की गावाची पाहणीच चाललीय. तिच्या नवऱ्यानं, ताराचंदनं, मरायच्या आदल्या वर्षी ते कुणाकडून तरी आणलं होतं. त्याला बारा वर्षं झाली.

"जन्मात माह्या दारी पाटील आला नव्हता," ती हसायची. "आता रोज पालक मागते."

एकच खोड होती. उन्हाळ्यात ती त्याला टबात ठेवायची, आणि तो कडा ओरबाडत बाहेर यायला बघायचा. "पाण्याचा जीव अन् पाण्याले भेते! काहून रे?"

शेजारच्या दीप्तीनं एकदा सहज मोबाइलवर वाचलं. हे चांदणी कासव. लोक रानातून उचलून विकतात, म्हणून संपत चाललंय. घरी ठेवणं गुन्हा.

"मावशी, हे घरी ठेवता येत नाही. सोडून द्यावं लागते."

दीप्तीच्या मनात वनखातं होतं. सोमवारी चौकशी करू, असं तिनं ठरवलं होतं. ते बोलायचं राहिलं.

पंचफुलानं एवढंच विचारलं, "माह्या हातून सोडलं तर चालते ना वं?"

"तुझ्याच हातून, मावशी."

मधे रविवारी बुद्धपौर्णिमा आली. संध्याकाळी पंचफुला रिकामी टोपली घेऊन परतली. चेहरा उजळलेला.

"सोडून आली वं. चांगला दिवस पाहून."

"कुठं?"

"सावनेरले, रुपरावच्या विहिरीत. भावाचीच विहीर हाय. बारा उन्हाळे टबात काढले बिचाऱ्यानं. पायरी सोडेच ना. म्या म्हटलं, जा रे, लाजू नको. हातपाय मारले थोडे, मग गेला खाली."

दीप्तीनं घरात जाऊन मोबाइल उघडला. परवा वाचायचं थांबली होती, त्याच्या खाली दोनच ओळी होत्या. हे कोरड्या गवताळ रानात राहतं. याला पोहता येत नाही.

तिनं रुपरावला फोन लावला.

"मामा, विहिरीत कासव दिसते का?"

"पाणी एकदम शांत हाय, पोरी."

"गळ टाका ना. आत्ता."

ती फोन कानाला लावून उभी राहिली. दोर घासल्याचा आवाज येत होता. बराच वेळ.

"जुनी बादली निघाली," रुपराव म्हणाला. "बाकी काही नाही. काहून वं, काय झालं?"

तिनं फोन ठेवला. सांगायचं म्हणून ती अंगणात आली. पंचफुला टब पालथा घालत होती.

"दीप्ती, तुह्या मोबाइलात पाह्य बरं. किती वर्षं जगते वं हे?"

दीप्तीनं मोबाइल उघडला. लिहिलं होतं तेच तिनं वाचलं. "ऐंशीपर्यंत, मावशी."

"मंग माह्या मागं राहीन तो," पंचफुला म्हणाली, आणि उरलेला पालक निवडायला बसली.